कथेआधीचे चरित्र

फासा म्हटला की मराठी वाचकाला द्यूतसभा आठवते. तेथे फासा माणसाजवळ असलेले हिरावून घेतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात मात्र माणूस फाशांतूनच घडतो. तीन फाशांच्या सहा बेरजा सामर्थ्य, बुद्धी, शहाणपण, शरीरप्रकृती, चापल्य आणि व्यक्तिप्रभाव यांच्यापुढे क्रमाने लिहायच्या. अठरा ही बेरीज सरासरीने २१६ वेळांत एकदा पडणार. या आकड्यांतून खेळाडू पात्राची कल्पना करतो, त्याला नाव ठेवतो, आणि संचालकाने वर्णिलेल्या प्रसंगी ते काय करील हे बोलून सांगतो. या बोलण्यातूनच कथा सिद्ध होते.

येथवर पात्र म्हणजे गुणांची यादी. चरित्राचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७). भविष्यातील अंतराळात घडणाऱ्या या खेळात पात्र अठराव्या वर्षी नौदल, भूदल, टेहळणी, व्यापार अशा एखाद्या सेवेत शिरते. सेवेची मुदत चार वर्षांची. प्रत्येक मुदतीत काही कौशल्ये पदरी पडतात, बढती मिळते वा हुकते. चौतिसाव्या वर्षापासून वार्धक्याचे फासे सुरू होतात. शिवाय प्रत्येक मुदतीत जगण्यासाठी फासा टाकावा लागतो. टेहळणी सेवेत दोन फाशांवर किमान सात हवेत. प्रकृती विशेष दणकट नसेल, तर छत्तीसपैकी पंधरा शक्यता मृत्यूच्या. फासा चुकला की पात्र मरते, आणि तेही कथा सुरू होण्यापूर्वी.

याकडे नियमातील विक्षिप्तपणा म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु ॲरिस्टॉटलने कथानकाला पहिले आणि स्वभावाला दुसरे स्थान दिले, त्या क्रमाची येथे उलटापालट झालेली दिसते. कथानक अजून नाही, तरी एक आयुष्य संपून गेले आहे. ते कोणी लिहिले? खेळाडूने सेवा निवडली, आणखी चार वर्षे राहण्याचा मोह धरला. उरलेले फाशांनी केले. बढती का हुकली याचे उत्तर कोष्टकात नसते, ते खेळाडूला रचावे लागते. आकड्यांमधील ही रिकामी जागा भरणे हीच येथील लेखनक्रिया होय. मेलेल्या पात्राच्या वाट्यालाही तेवढे लेखन आलेले असते. म्हणून त्याला केवळ फसलेला मसुदा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पुढे ‘चॅम्पियन्स’ (१९८१) आणि ‘गर्प्स’ (१९८६) यांनी ठरावीक गुणांकांच्या मोबदल्यात पात्राचे गुण विकत घेण्याची रीत रूढ केली. खेळाडू आपल्या पात्राचा अधिक धनी झाला खरा. पण न मागितलेल्या आयुष्याला अर्थ देण्याची जबाबदारी बरीच हलकी झाली. ‘ट्रॅव्हलर’च्या १९८१ च्या आवृत्तीनेही एक पर्याय दिला: संचालकाची वा खेळाडूची तशी इच्छा असेल, तर फासा चुकलेले पात्र मरणार नाही, जखमी होऊन, मुदतीची दोनच वर्षे पदरी घेऊन, ते सेवेबाहेर पडेल. ती जखम कशी झाली, हे मात्र पुन्हा खेळाडूनेच सांगायचे.