खेकड्याचं कण्हणं

अब्बांना ऐकू कमी येतं. उजव्या कानाचं यंत्र आहे, पण ते बहुतेक वेळ कपाटावरच्या डबीतच असतं. जवळजवळ चाळीस वर्षं इंजिनात काढलेल्या माणसाचे कान असेच जायचे, असं ते म्हणतात. त्यात तक्रारीचा सूर नसतो.

म्हणूनच २००५ साली मी कॉम्प्युटरवर बनवलेलं इंजिन त्यांना दाखवलं आणि त्यांनी "आवाज चुकलाय" असं सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नव्हती, ते मला आवाजातली चूक दाखवत होते.

माझा हा नाद जरा समजावून सांगायला हवा. मी पेशाने ड्राफ्ट्समन. दिवसभर भोसरीत यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायची आणि रात्री घोरपडीच्या घरी येऊन, सगळे झोपले की, रेल्वेची इंजिनं बनवायची. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' नावाचा खेळ आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्ही ड्रायव्हर होता. हँडल ओढायचं, ब्रेक लावायचा, सिग्नल बघायचा. खेळ तयार केला होता इंग्लंडमधल्या कंपनीने आणि त्यात 'फ्लाइंग स्कॉट्समन'सारखी इंजिनंही होती. पण खरी गंमत अशी की, त्यात आपण स्वतः बनवलेलं इंजिन घालता यायचं. आधी शेकडो त्रिकोण जोडून त्याचा सांगाडा उभा करायचा, मग त्यावर रंगाचं कातडं चढवायचं, मग एका साध्या मजकुराच्या फाइलीत त्याचं वजन, ताकद, ब्रेक असं सगळं आकड्यांत लिहायचं आणि शेवटी आवाज जोडायचे. जगभरचे हौशी लोक रात्र रात्र जागून हे करत. बायको म्हणायची, "या वयात खेळणी!" मी म्हणायचो, "खेळणं नाही, काम आहे." आम्ही दोघंही बरोबर होतो.

मी निवडलेलं इंजिन अब्बांचं होतं. पुणे-मुंबई मार्गावर विजेची गाडी आली ती १९२९-३० मध्ये. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली, हे पुणेकरांना पाठ असतं. मालगाड्यांसाठी जी विजेची इंजिनं मागवली होती ती मात्र कुणाला आठवत नाहीत. १९२८ पासून अशी एक्केचाळीस इंजिनं आली. पहिली काही स्वित्झर्लंडमध्ये बनली, बाकीची इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. हाच तो कारखाना, ज्याने १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनंही बनवली होती. कागदोपत्री या विजेच्या इंजिनाचं नाव आधी ईएफ-१ आणि मग डब्ल्यूसीजी-१. मधे ड्रायव्हरची उंच खोली, दोन्ही बाजूंना बसकी लांब नाकं आणि खाली आगगाडीच्या वाफेच्या इंजिनासारखे चाकांना जोडणारे लोखंडी दांडे. सगळं अंग तीन तुकड्यांत, म्हणून घाटातल्या वळणावर ते वाकत असे. युरोपात अशा घडणीच्या इंजिनाला 'मगर' म्हणतात. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी त्याला नाव दिलं 'खेकडा'.

एका जुन्या इंग्रजी मासिकातलं त्याचं चित्र मला मिळालं होतं. मापं नीट दिलेली होती. मी सात महिने खपलो. एकेक रिव्हेट मोजून बसवला. आवाजासाठी दुसऱ्या कुठल्यातरी विजेच्या इंजिनाचा तयार आवाज घेतला आणि जोडून टाकला. मग एका रविवारी अब्बांना खुर्चीत बसवलं.

अब्बांनी चष्मा पुसला. पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. इंजिनाचं नाक, दिवा, दांडे. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं दिसलं आणि मी मनातून फुगलो. मग त्यांनी कानाचं यंत्र मागवलं, बसवलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "बेटा, ये खेकडा नहीं. ये तो मुर्दा है."

"म्हणजे?"

"उभा असला की तो कण्हतो. चालायला लागला की सळसळतो. तुझा गप्प उभा आहे आणि पंख्यासारखा पळतोय. म्हणून तर त्याला खेकडा म्हणायचे."

मी म्हणालो, "नाव त्याच्या आकारावरून पडलंय, अब्बा."

"आकार कोण बघतो? आम्ही आत बसायचो."

मी चिडलो. सात महिन्यांची जाग्रणं होती. मी मासिकाचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "हे बनवणाऱ्यांचं चित्र आहे. यात कण्हणं कुठं लिहिलंय दाखवा." आणि मग जे बोलायला नको होतं ते बोललो, "तसंही तुम्हाला आता ऐकू कुठं येतं?"

अब्बा काही बोलले नाहीत. यंत्र काढून त्यांनी डबीत ठेवलं. अम्मीने आतून "खाना ठंडा हो रहा है" म्हणून हाक दिली आणि विषय संपला. त्यानंतर कितीतरी वर्षं अब्बा माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत आले नाहीत. मीही बोलावलं नाही. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. नातवाला घेऊन अब्बा तिथं जाऊन आले. छोट्या गाड्या फिरताना तासभर उभे राहून बघत होते, असं पोरगा सांगत होता. माझ्या गाडीसाठी मात्र त्यांना वेळ नव्हता. मी ते इंजिन तसंच ठेवलं. लोकांना आवडलं होतं. चूक कुणाला कळणार होती?

२०१८ साली कामानिमित्त दिल्लीला गेलो. एक दुपार मोकळी होती म्हणून चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात शिरलो. तिथं खेकडा उभा आहे. इंजिनाचं नाव 'सर लेस्ली विल्सन'. हे १९२३ ते १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते. तिथंच आपल्या मार्गावरचं दुसरं एक जुनं विजेचं इंजिन आहे, पॅसेंजर गाड्यांचं. त्याचं नाव 'सर रॉजर लम्ली'. हेही गव्हर्नरच. मी माझ्या खेकड्याभोवती तीन चकरा मारल्या. माझ्या मॉडेलमध्ये कुठं काय चुकलंय ते डोळा शोधत होता आणि चुकलं फारसं काही नव्हतं. मग दांड्यांपाशी वाकून पाहिलं. प्रत्येक जोडावर लोखंडावर लोखंड घासलेलं. एका बाजूचे असे किती जोड, दोन्ही बाजूंचे किती, हे मोजत गेलो आणि एकदम लक्षात आलं, हे सगळं एका वेळी हलू लागलं तर सळसळणारच. दुसरं काय होणार?

ते इंजिन मात्र गप्प उभं होतं. ते आता कधीच बोलणार नव्हतं. ज्या १५०० व्होल्टच्या तारेखाली ते चालायचं ती वीजही पुणे-मुंबई मार्गावरून गेली होती. सगळीकडे २५ हजार व्होल्टची नवी वीज आली होती. लँकेशायरचा तो कारखाना २००२ साली बंद पडला होता. म्हणजे खेकड्याचा आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक असायची शक्यता होती. घोरपडीत, आमच्या घरी, दिवाणावर. आणि त्याला मी सांगितलं होतं की तुम्हाला ऐकू कुठं येतं.

पुण्याला आल्यावर माफी वगैरे मागणं जमलं नाही. बाप-लेकांत ते अवघड असतं. मी फक्त म्हणालो, "अब्बा, खेकडा नव्याने करायचा आहे. तुमच्याशिवाय होणार नाही." त्यांनी डबी उघडून कानाचं यंत्र बसवलं. तोच काय तो होकार.

तो जुना खेळ मायक्रोसॉफ्टने कधीच वाऱ्यावर सोडला होता. पण हौशी लोकांनी मिळून 'ओपन रेल्स' नावाचा नवा, फुकट सिम्युलेटर उभा केला आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ ची. जुनी इंजिनं त्यात चालतात आणि ती पूर्वीपेक्षा बारकाईने सुधारताही येतात. कोणत्या नॉचवर, कोणत्या वेगाला इंजिन किती जोर लावेल याचा सगळा तक्ता भरता येतो. वळणावर चाकं किती अडतील हेही सांगता येतं. मी २००५ मध्ये सगळे नॉच सारख्या अंतराने टाकले होते. जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

अब्बांनी अम्मीचा पोळपाट मागवला. त्याच्या कडेने खडूने खुणा केल्या आणि लाटण्याचं हँडल केलं. "हे बघ. पहिल्या खुणा नुसत्या वर चढायच्या. चारही मोटरी एका रांगेत, मधे रेझिस्टन्स. इथं रेंगाळायचं नाही, रेझिस्टन्स तापतात. इथं आलं की थांब. ही चालायची जागा. मग पुढची रांग. दर वेळी हिसका बसतो. तो हिसका मागच्या गार्डला कळला नाही तर तू ड्रायव्हर." मी विचारत होतो, लिहून घेत होतो, पडद्यावर बदलत होतो. ऐंशीच्या घरातला माणूस लाटणं धरून बसला होता आणि त्याच्या मनगटाला सगळं पाठ होतं. चित्रात यातलं काहीच नव्हतं. चित्र इंजिन बनवणाऱ्यासाठी असतं. चालवणाऱ्याचं शहाणपण त्यात कोण लिहिणार?

आवाजाचं घोडं मात्र अडलं. अब्बा तोंडाने करून दाखवायचे, "ऊंऽऽऽ", नातवंडं हसायची. मी कितीतरी आवाज ऐकवले. "नाही." "हाही नाही." एक दिवस दळण आणायला गेलो तर ते सोबत आले. गिरणीत दाणे संपले होते, पट्टा रिकामा फिरत होता आणि मोटर एका सुरात घुमत होती. अब्बांनी माझा हात धरला. "हाच. याच्याहून थोडा खाली." गिरणीवाल्याला काय सांगावं कळेना. शेवटी खरं तेच सांगितलं. त्याने दोन मिनिटं गिरणी रिकामी चालू ठेवली, मी मोबाइलवर आवाज भरून घेतला. पैसे घेतले नाहीत त्याने. घरी येऊन तो सूर उतरवत गेलो, अब्बा मान हलवत गेले, आणि एका जागी त्यांनी डोळे मिटले. तिथं थांबलो.

मग एका संध्याकाळी त्यांना पुन्हा त्या खुर्चीत बसवलं. कर्जत ते लोणावळा. बोरघाट. १८६३ साली उघडलेला हा लोहमार्ग पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढतो. ३७ फुटांत एक फूट, इतका उभा. तो बांधताना कॉलऱ्याने, तापाने, दरडीखाली हजारो मजूर गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याच्या पश्चात काम पुरं करणारी त्याची बायको अ‍ॅलिस, यांची नावं पुस्तकात आहेत. त्या मजुरांचं एकही नाव मला आजवर वाचायला मिळालेलं नाही.

पडद्यावर खेकडा उभा होता, कण्हत होता. अब्बांनी हँडल ओढलं. हिसका. दांडे सळसळले. पळसदरी, मग ठाकूरवाडी, मंकी हिल, एकामागून एक बोगदे. अब्बा एक शब्द बोलले नाहीत. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट. अम्मी दारात उभी राहून पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. लोणावळ्याला गाडी उभी केल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"बरोबर?" मी विचारलं.

"आवाज बरोबर. इंजिनाची जागा चुकली."

मला कळलं नाही.

"मी पुढं कुठं असायचो? मी मागं असायचो. बँकर."

कर्जतला गाडीला मागून इंजिन जोडतात, घाट चढवायला. त्याला बँकर म्हणतात. गाडीतले लोक फलाटावर वडे घेत असतात, तेवढ्यात मागून एक हलका धक्का बसतो. लोणावळ्याला ते इंजिन सुटतं आणि रिकामं घाट उतरून परत कर्जतला येतं. अब्बांनी किती वर्षं हेच केलं होतं. पुढच्या ड्रायव्हरला दिसायचं नाही, फक्त शिटीने बोलायचं. तो शिटी देणार, मग याने द्यायची आणि दोघांनी एकदम जोर लावायचा. प्रवाशांनी कधी मागं वळून पाहिलं नाही. मी त्यांचा मुलगा, आणि मीही त्यांना कायम गाडीच्या पुढेच बसवत आलो होतो. लहानपणी शाळेत सांगायचो, "माझे अब्बा पुढं असतात."

आता नवी आवृत्ती करतोय. तीत मालगाडीच्या शेवटी खेकडा आहे. समोर फक्त शेवटच्या वाघिणीची पाठ दिसते. दरी, धबधबे काही नाही. खेळणाऱ्यांना कंटाळा येईल, हे मला माहीत आहे. पुढच्या इंजिनाची शिटी कशी वाजवायची यावर अडलोय. अब्बा म्हणतात, ती लांबून यायला हवी, बोगद्यातून आल्यासारखी. काल रात्री जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच डबी उघडली, यंत्र कानाला लावलं आणि माझ्या खोलीत येऊन बसले.

"चल, लाव," म्हणाले.