आईला दाखवायची पहाट

हिवाळ्यातले फोटो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काश्मीर नाहीतर महाबळेश्वर येतं. पण मैत्रिणींनो, आम्हां नवी मुंबईकरांचा हिवाळा उतरतो तो खाडीवर! सीवूड्सला टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागे पाणथळ जागा आहे. थंडीच्या दिवसांत तिथे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो येतात. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरतीनं चिखल बुडाला की विसाव्याला इकडे वळतात.

माझी आई कराडला असते. दोन वर्षं झाली, अंथरुणालाच खिळली आहे. "तुझी खाडी बघायची राहिली गं," असं सारखं म्हणायची. म्हणून गेल्या डिसेंबरात मी भल्या पहाटे फोन घेऊन गेले, पंधरा-वीस फोटो काढले आणि भावाच्या फोनवर धाडून दिले. संध्याकाळी आई म्हणाली, "एवढं मळभ असतं का गं तिकडे? आणि पक्षी कुठं आहेत?"

मला मेलं रडूच आलं. डोळ्यांना दिसलेली पहाट रुपेरी होती, आणि फोटोत उतरली ती चुलीतल्या राखेसारखी. लेक कसल्या उदास जागी राहते, असं वाटलं असेल तिला!

आमच्या इमारतीत एक काका आहेत, त्यांना कॅमेऱ्याचा भारी नाद. त्यांना फोटो दाखवले तर हसून म्हणाले, "वहिनी, चूक तुमची नाही. कॅमेऱ्याला वाटतं, सगळं जग मध्यम उजेडाचंच आहे." मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकाच मापानं सगळ्या भाज्यांत मीठ घालणाऱ्या नव्या सुनेसारखंच हे! समोर पांढरं धुकं आणि चकचकीत पाणी आलं की कॅमेरा ते करडं करून टाकतो. बर्फाच्या फोटोंचंही हेच होतं.

उपाय अगदी सोपा आहे. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट टेकवलं की एक चौकट आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसतं. ते बोटानं थोडं वर सरकवायचं. कॅमेरा असेल तर अधिक-उण्याच्या खुणेवर अधिक एक करायचं, म्हणजे उजेड दुप्पट होतो. मात्र पक्ष्याच्या पाठीवरचा गुलाबी रंग उडाला, तर समजावं की जास्त झालं. आणि बरं का, ऊन वर आल्यावर पक्षी काळ्या चिखलावर असतील तर उलट करायचं, उजेड कमी करायचा. नाहीतर पंख नुसते पांढरेफटक येतात.

दुसरी चूक मांडणीची. मी पाणी आणि आकाश अगदी निम्मंनिम्मं घेतलं होतं, आणि पक्षी म्हणजे मधे सांडलेली खसखस! पाण्यात प्रतिबिंब छान असेल तर चौकटीचे दोन हिस्से पाण्याला द्यावेत, एक आकाशाला. कडेला तिवराची एखादी फांदी घ्यावी, म्हणजे नजरेला आत शिरायला वाट मिळते. फोनवर ओढून मोठं करू नये, चित्र फुटतं. त्यापेक्षा पक्षी जवळ यायची वाट बघावी. आपण मात्र त्यांच्याकडे धावू नये, थवा उठतो.

वेळेचं गणित आपल्या पाऊणकीत आहे. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते. दहा पाऊण साडेसात, म्हणून जानेवारीत दशमीची सकाळ धरली. सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तोही पारसिकच्या डोंगरांकडून. तेव्हा खाडीकडे तोंड केलं की ऊन आपल्या पाठीशी येतं. ह्यांना कानटोपी घालून बांधावर उभं केलं, कारण माणूस असला की तळं केवढं आहे ते कळतं. सूर्याचं चिन्ह जरासं वर सरकवलं आणि श्वास रोखून बोट टेकवलं.

या वेळी भावानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून आईपुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जावईबापू गारठलेत गं! आणि त्या पाखरांचे पाय केवढे गार पडत असतील." एवढ्या लांबून तिला आमची थंडी कळली, आणखी काय हवं?

आता मी दर आठवड्याला एक फोटो धाडते. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, 2022 साली रामसरच्या यादीतही ती आली. पण आमची ही तळी त्या हद्दीबाहेरच आहेत. 2024 साली नेरुळचं एक तळं भरतीचं पाणी न पोचल्यानं कोरडं पडलेलं आपण पाहिलंच. म्हणून सांगते, तुमच्या गावाच्या तळ्यावर एका सकाळी जरूर जा. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर ती सकाळ त्यांच्या उशाशी नेऊन ठेवा. फक्त तिचं मळभ होऊ देऊ नका!