अबोल झीज

सातारा ते सांगली हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. पेठ नाक्यापर्यंत महामार्ग, तेथून आष्ट्यामार्गे सांगली. हाडे ठिसूळ झालेल्या आईला तपासणीसाठी मी दरमहा याच वाटेने नेतो. आमची गाडी चौदा वर्षांची. यंदाच्या पावसाळ्यानंतर तिच्या पुढच्या चाकांपाशी खडखड सुरू झाली.

अशा वेळी आवाज कसा आहे, यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावे. संथ वेगात लहान खाचखळग्यांवर टकटक होत असेल, तर लिंक रॉड झिजल्याचा संशय घ्यावा. गतिरोधक सावकाश ओलांडताना करकर झाली, तर वाळलेले रबरी बुश तपासावेत. बॉल जॉइंट सैल आढळला, तर मात्र चालढकल नको. तो निखळल्यास चाकावरचा ताबाच जातो.

आमच्या गाडीत दोष लिंक रॉडचा निघाला. तो बदलला, खडखड थांबली. आईच्या पाठीला बसणारे हादरे मात्र थांबले नाहीत. मग बॉनेटचा कोपरा दाबून सोडून पाहिला. एकदा उसळून स्थिरावण्याऐवजी गाडी डोलतच राहिली. शॉक ॲब्सॉर्बर आवाज न करताच निकामी झाले होते.

हाडांची झीजही अशीच अबोल असते. कित्येकदा मणका दबल्यावरच ती कळते. म्हणून घरात वृद्ध असतील, तर आवाज नसतानाही शॉक ॲब्सॉर्बर तपासून घ्यावेत, त्यांना मागच्या चाकांवरील आसनाऐवजी पुढे बसवावे आणि गतिरोधक पायी चालण्याच्या वेगाने ओलांडावा.