दूधबिलातला एरर आणि कोरी नोंद

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि बिलाचे फोटो मिळाले. दहा दिवसांचं दूधबिल वाटायच्या दिवशी रकमेच्या जागी '#एरर' छापून आला, तेव्हा संस्थेत सभासदांनी तुला काय काय ऐकवलं असेल, कल्पना आहे. पण मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नकोस. बिघाड त्यात नाही, सूत्रांत आहे.

आधी कुठल्या चौकटीत काय छापलंय ते नीट वाच. '#नेम?' आला म्हणजे सूत्रातलं नाव अ‍ॅक्सेसला सापडत नाहीये. तुझ्या क्वेरीत 'फॅट_दर' आहे आणि रिपोर्टात तू 'फॅटदर' लिहिलंयस. नावं हाताने टाइप करूच नकोस, फील्ड लिस्टमधून उचल. सूत्राआधीचं बरोबरचं चिन्ह लिहायचं राहिलं तरी हेच होतं. '#एरर'चं कारण निराळं. तुझ्या टेक्स्टबॉक्सचं नाव 'रक्कम' आणि त्याच्या कंट्रोल सोर्समध्ये =[रक्कम]-[कपात]. ती चौकट आपली किंमत आपल्यालाच विचारत बसते! प्रॉपर्टी शीटच्या 'अदर' टॅबवर तिचं नाव 'देयरक्कम' कर. सूत्राला हात लावू नकोस.

पेज फूटरमधली बेरीज तिथून उचल. 'सम' तिथे चालत नाही, ग्रुपच्या किंवा रिपोर्टच्या हेडर-फूटरमध्ये चालतो. आणि बेरीज मोजून काढलेल्या चौकटीची मागू नकोस, मूळ फील्डांची माग: =सम([लिटर]*[दर]). पशुखाद्याची उचल नसलेल्या सभासदांच्याच बिलात एरर येतो असं तू लिहितोस, कारण त्यांचा कपातीचा सबरिपोर्ट रिकामा असतो. सबरिपोर्टची 'हॅजडेटा' प्रॉपर्टी 'आयआयएफ'ने तपास. कपात नसेल तर शून्य धर.

एवढं केलंस की एरर जातील. मला काळजी वाटते ती जिथे एररच आलेला नाही त्या आकड्याची.

तिसऱ्या फोटोत एकूण लिटरचं सूत्र =सम([सकाळ]+[संध्याकाळ]) असं आहे. समजा एखाद्याने सकाळी सहा लिटर घातलं आणि संध्याकाळचा रकाना कोरा राहिला. सहा अधिक कोरं म्हणजे अ‍ॅक्सेसच्या हिशेबी सहा नाही, कोरंच. आणि 'सम' कोऱ्या ओळी सोडून देतो. म्हणजे त्या माणसाचं सकाळचं दूधही बिलातून गेलं आणि कागदावर कुठेही खूण उमटली नाही. बिल स्वच्छ दिसतं, म्हणून कोणी विचारतही नाही. याच्यापुढे '#एरर' कितीतरी बरा. निदान तो ओरडून सांगतो.

उपाय सोपा आहे: =सम(एनझेड([सकाळ],0)+एनझेड([संध्याकाळ],0)). पण तेवढ्यावर थांबू नकोस. 'एनझेड' कोऱ्याला शून्य म्हणतो आणि आपल्यालाही तसंच समजायची सवय लागते. संध्याकाळी दूध आलंच नाही ही एक गोष्ट. दूध आलं, काट्यावर मोजलं आणि नोंद करायची राहिली ही अगदी दुसरी. पहिल्यात शून्य बरोबर आहे, दुसऱ्यात माणसाचे पैसे बुडतात. म्हणून टेबलात या दोन्ही फील्डांची डिफॉल्ट व्हॅल्यू शून्य असेल तर काढून टाक. दूध नाही आलं तर नोंद करणाऱ्याने स्वतः शून्य टाकावं. बिल काढण्याआधी 'इज नल' अट घालून एक क्वेरी चालव, त्यात येतील तेवढ्या नोंदी वहीशी ताडून बघ आणि मगच छपाईला दे. सरासरी दराच्या भागाकारात लिटर शून्य असल्याची अटही तेव्हाच घालून टाक.

आणि एक विनंती. जुन्या बिलांवरही हीच क्वेरी चालव. ज्यांचं दूध असं गळलं असेल, त्यांचा फरक पुढच्या बिलात जोडून दे.

तुझा,
मित्र