एका तळटिपेची गजाल

ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आज *नक्की* पार्टी’ असं टाइप करणारे तुम्ही-आम्ही सगळेच अर्धे प्रोग्रॅमर आहोत. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या लावल्या की अक्षरं जाड होतात, अंडरस्कोर लावला की तिरकी. ना मेन्यू, ना माउस. साध्या टेक्स्टमध्ये चार खुणा पेरायच्या आणि बाकीचं मशीनवर सोडायचं. यालाच म्हणतात मार्कअप. जाड-तिरकं ठीक आहे हो, पण तळटीप कशी द्यायची? या एका प्रश्नावरून आमच्या घरात गेले चार महिने महाभारत चालू आहे.

माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, आयटीतली मुंबईची नोकरी मालवणात बसून करतो. घर धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर, खिडकीत माड, नेट आलं तर आलं. वीकेंडला तो मराठीसाठी एक छोटासा टेक्स्ट एडिटर बनवतोय. आणि त्यात लिहितंय कोण? आमची आत्या, वय वर्षं ८१. म्हणजे ती सांगते आणि मी टाइप करते (फ्रीलान्सरला सुट्टी नसते, असं घरी कुणालाच पटत नाही). तिच्या गजाली, अस्सल मालवणीत. वाचणार तिची नातवंडं. एक ठाण्यात, दोन न्यू जर्सीत. त्यांचं मराठी जेमतेम आणि मालवणी शून्य. थोडक्यात काय, तळटिपा मस्ट!

आता तुम्ही म्हणाल, जगात हे कुणीतरी केलंच असेल की. केलंय ना. जॉन ग्रूबरने २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा त्याची अट मस्त होती: मशीनने हात लावण्याआधीही मजकूर माणसाला सुखाने वाचता आला पाहिजे. पण त्यात तळटीप नव्हतीच. ती मिशेल फोर्टिनच्या मार्कडाउन एक्स्ट्रासारख्या पुढच्या अवतारांत आली. वाक्यात [^१] लिहायचं आणि खाली कुठेतरी [^१]: करून टीप द्यायची. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या पॅनडॉकमध्ये दुसराही मार्ग आहे. ^[ असं म्हणून टीप तिथल्या तिथे, वाक्याच्या पोटातच लिहून टाकायची. २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाने मार्कडाउनचे नियम नीट लिहून काढायला घेतले, तर त्यातूनही तळटीप बाहेरच. गिटहबने ती घेतली २०२१ मध्ये. म्हणजे बघा, जाड अक्षरांनंतर तब्बल सतरा वर्षांनी!

दादाने आधी सरळ [^१] उचललं. मी टाइप करायला बसले आणि डोक्याला शॉट. मी मराठी टाइप करते इन्स्क्रिप्टवर, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्डवर. त्यावर [ दाबलं की ‘ड’ उमटतो. ^ च्या जागी ‘त्र’. चांदणीच्या जागी ‘श्र’. मार्कडाउनचा जवळजवळ सगळा संसार आमच्या जोडाक्षरांखाली गाडला गेलाय! दर टिपेला दोनदा भाषा बदलायची, एकदा इंग्रजीत जायला आणि एकदा परत यायला. आत्या तोवर पुढच्या गोष्टीत पोचलेली असते. अर्थात, ज्यांनी या खुणा निवडल्या त्यांच्या बोटांखाली त्या आयत्याच होत्या. त्यांना दोष कशाला द्यायचा?

मग इन्स्क्रिप्टवर उरतं काय? स्वल्पविराम, टिंब, आडवी रेघ आणि साधे कंस. दादाने कंस पकडले. दुहेरी कंस, म्हणजे ((टीप)). त्याचा शोध नव्हे हा. डोकुविकी नावाचं एक सॉफ्टवेअर २००४ पासून चालतंय, त्यात अशीच तळटीप देतात. भाषा न बदलता सटासट टाइप होतं. मी खूश, दादा खूश.

मग आत्याला स्क्रीन दाखवली. तिचं वाक्य असं दिसत होतं:

रापण((किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं)) वढूक गेलेलो झील((मुलगा)) सांजेक सुंगटा((कोळंबी)) घेवन इलो.

तिने चष्मा वर केला. “माझ्या मधी ह्या कोण बोलता?”

आम्ही दोघं गप्प. दादा म्हणाला, छापताना हे सगळं आपोआप खाली जाईल, हे फक्त एडिटरमध्ये आहे. पण आत्या वाचणार एडिटरमध्येच ना? आणि ग्रूबरची अट तरी दुसरं काय सांगते? मासकॉममध्ये आम्हाला घोकवलं होतं की वाचकाला अडखळू देऊ नका. पण वाचक म्हणजे कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं. न्यू जर्सीच्या नातवाला सोपं व्हावं म्हणून जिचं वाक्य आहे तिलाच आम्ही दर दोन शब्दांनी थांबवत होतो. स्वतःच्या वाक्यात ती पाहुणी!

जाता जाता एक गोष्ट. बाळशास्त्री जांभेकर आमच्याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं, त्यात मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी रकान्यांत छापायचे. कुणी कुणाच्या पायाशी नाही. मी दादाला म्हटलं, दोन रकाने कर. तो म्हणाला, मोबाइलवर वाचून दाखव.

मुद्दा बरोबर होता. म्हणून मग तोडगा निघाला तो असा. वाक्यात शब्दाला चिकटून नुसतं ((१)). आणि ओळीची सुरुवातच ((१)) ने झाली तर ती टीप. खूण एकच, अर्थ जागेवरून ठरतो. आकड्याऐवजी ((रापण)) असं नावही चालतं, ते उत्तम. कारण परिच्छेद इकडचा तिकडे केला की हाताने दिलेले आकडे हमखास चुकतात. नावं दिली की एडिटर स्वतःच क्रम लावतो. खुणेला टीप नसेल किंवा टिपेला खूण, तर ओळ लाल होते. टीप संपते कुठे, यावर आम्ही एक अख्खा रविवार घालवला. शेवटी पुढच्या ओळी चार जागा आत सरकवल्या की त्या टिपेतच धरायच्या, असं ठरलं.

हे शेवटचं कलम आत्यामुळे आलं. ‘मोठं जाळं’ ही माझी टीप तिने एका वाक्यात उडवली. “रापण म्हणजे नुसता जाळा काय गो? वढूक माणसा नको?” बरोबरच आहे. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, ते ओढायला दोन्हीकडे माणसांची रांग. मासळी आली की वाटे पडतात. जाळं, माणसं, त्यांची भागीदारी, हे सगळं मिळून रापण. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांशी रापणकरांचं भांडण वर्षानुवर्षांचं, ते का पेटतं हे त्या वाट्यांशिवाय कळत नाही. आत्या बोलत राहिली, मी टाइप करत राहिले. वाक्य आठ शब्दांचं आणि टीप पाच परिच्छेदांची! तीही मालवणीतच. नातवंडांसाठी त्या टिपेचं मराठी वेगळं द्यायचं का, यावर सध्या मतभेद आहेत. माझं मत, नको. त्यांनी आजीला फोन करावा.

त्या टिपेच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘तांडेल’ आलाय, म्हणजे होडीचा म्होरक्या. आत्या म्हणते, त्याच्यावर पण टीप घाल, तो माझा सासरा होता. दादा म्हणतो, टिपेत टीप माझ्या एडिटरला चालत नाही. आत्याने त्याला येत्या रविवारपर्यंतची डेडलाइन दिली आहे.