होडीवरील दिव्याची थरथर

दिवा लुकलुकूं लागला कीं दोष दिव्याला देऊन तो बदलावयाचा, अशी आपणां सर्वांची रीत आहे. दासगांवच्या खाडींतील आमच्या परिचयाच्या एका नावाड्यानें होडीवरील एलईडी दिवा असा दोनदां बदलला. तळाचें पाणी उपसणारा पंप सुरू होतांच नवा दिवाही जुन्यासारखाच थरथरूं लागला.

वास्तविक एलईडीइतका सत्यवादी दिवा दुसरा नाहीं. जुन्या दिव्यांतील तार एकदां तापली म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी ती तेजस्वी राही, व आंतला बिघाड झांकून जाई. एलईडीला असली ऊब नाहीं. विजेंत पडलेला खंड तो तत्काळ डोळ्यांपुढें मांडतो.

आम्हीं मीटर लावून पाहिलें. सर्व बंद असतां दिव्यापाशीं 12.6 व्होल्ट, म्हणजे सारें कुशल! परंतु वीज वाहत नसतां तारेंतील अडथळा मीटरला दिसावा कसा? दिवा व पंप दोन्ही चालू केले, तेव्हां बॅटरीवर 12.4 आणि दिव्यापाशीं अवघे 10. मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूस व दुसरें दिव्याच्या ऋण तारेस लावतांच दोन व्होल्ट तेथेंच सांपडले. दिवा आणि पंप यांची परतीची तार एकच होती, आणि वीज तिच्यांतच अडत होती.

फळ्या उचलल्या. पोलादपुराकडून उतरणारें गोडें पाणी व भरतीचें खारें पाणी मिसळतें त्या खाडींतील होडीला कोणा कारागिरानें घरगुती तांब्याची तार घातली होती. तिचा सांधा हिरवा पडला होता. कल्हई उडालेल्या पितळेंत ताक कळकतें हें ज्या घरांत ठाऊक आहे, तेथें अधिक सांगावयास नको. होडीला तारही कल्हई केलेलीच लागते.

एका दिव्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला. 22 जुलै 2021 रोजीं महाड शहर पाण्याखालीं गेलें, आणि माणसें होड्यांतून बाहेर काढावीं लागलीं. अशा वेळीं पंप अखंड चालावयाचा, व दिवा दगा देणार तोही नेमका तेव्हांच.

आतां दिव्याची व पंपाची परतीची तार निरनिराळी केली असून सांधे तळाच्या पाण्यापासून बरेच वर घेतले आहेत. दोन्ही चालू ठेवून मोजलें, तर दोन व्होल्टांच्या जागीं एक दशांशही भरेना. नाळेकडची तार मात्र अद्याप जुनीच आहे. ती मृगापूर्वीं बदलावयाचें ठरलें आहे.