हायबरी ते एमिरेट्स : दहा मिनिटांचं अंतर, बावीस वर्षांचं भांडण

लंडनला पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाची यादी ठरलेली. टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, लंडन आय आणि वेळ काढून लॉर्ड्स. आपण पडलो क्रिकेटवाले, लॉर्ड्स म्हणजे आपलं पंढरपूरच! पण शनिवारी रात्री जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर प्रीमियर लीग बघत बसणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सच्या कृपेने कॉलेजात असतानाच एखादा इंग्लिश क्लब कायमचा गळ्यात पडला असेल, तर यादीत आणखी एक नाव टाका. आर्सेनल. उत्तर लंडनमधला हा भाग दिसायला अगदी साधा. विटांची जुनी घरं, कबाबची दुकानं, कोपऱ्याकोपऱ्यावर पब. इथे बघण्यासारखं जेवढं आहे त्याहून जास्त ऐकण्यासारखं आहे. इथला खास आयटम म्हणजे भांडण. मॅनेजर ग्रेट होता की नाही, आणि उन्हाळ्यात त्याने कोणाला विकत घ्यायला हवं होतं, या दोन प्रश्नांवर इथले लोक गेली कित्येक वर्षं तावातावाने बोलतायत.

स्टेशनचं नाव बदलणारा माणूस

हीथ्रोवर उतरल्यावर आपण जी पिकॅडिली लाइन पकडतो, तीच गाडी न बदलता थेट आर्सेनल स्टेशनला नेते. या स्टेशनचं मूळ नाव गिलेस्पी रोड. क्लबचे तेव्हाचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन रेल्वेवाल्यांच्या मागे लागले आणि १९३२मध्ये स्टेशनला क्लबचं नाव लागलं. प्लॅटफॉर्मच्या टाइल्सवर मात्र जुनं नाव अजून दिसतं. तिथून वर रस्त्यावर येणारा बोगदा चांगलाच लांब आणि चिंचोळा आहे. मॅचच्या दिवशी त्यात शिरलात की दादरच्या पुलाची आठवण हमखास होणार.

एका क्लबचा मॅनेजर स्टेशनचं नाव बदलून घेतो, यावरून त्या खुर्चीचं वजन लक्षात यावं. आपल्या क्रिकेटमधला कोच आणि निवड समिती एकाच माणसात कोंबा, वर खेळाडू विकत घ्यायचा आणि विकायचा अधिकार द्या. झाला जुन्या पद्धतीचा इंग्लिश मॅनेजर! त्यामुळे टीम जिंकली तर तो देव, हरली तर सगळं खापर त्याच्याच डोक्यावर.

क्लबची सुरुवात मात्र इथली नाहीच. १८८६मध्ये लंडनच्या आग्नेयेला, वुलिचच्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या कामगारांनी ही टीम काढली. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या लोकांनी काढावी तशी. म्हणून क्लबच्या चिन्हात तोफ आहे. १९१३मध्ये क्लब नदी ओलांडून हायबरीला आला आणि तिथे ९३ वर्षं राहिला.

मैदानाची झाली बाग

स्टेशनमधून बाहेर पडून अ‍ॅव्हनेल रोडने दोन मिनिटं चाललात की हायबरीचा ईस्ट स्टँड समोर येतो. १९३६ची पांढरी आर्ट डेको इमारत. मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या बिल्डिंगांची सख्खी बहीण म्हणावी अशी. वारसा म्हणून दर्शनी भाग तसाच जपलाय, पण आत आता फ्लॅट आहेत. जिथे थिएरी आन्री धावायचा, तिथे रहिवाशांसाठी बाग आहे. ७ मे २००६ला विगनविरुद्ध इथली शेवटची मॅच झाली. आर्सेनलने ती ४-२ अशी जिंकली, आन्रीने हॅटट्रिक केली आणि वाकून गवताचा मुका घेतला.

भांडणातली पहिली बाजू याच भिंतीशी टेकून उभी आहे. १९९६च्या शरद ऋतूत जपानमधल्या नागोयाच्या क्लबमधून आर्सेन वेंगर नावाचा चष्मेवाला, मास्तरासारखा दिसणारा फ्रेंच माणूस इथे आला, तेव्हा हा कोण बुवा, असाच सगळ्यांचा चेहरा होता. त्याने खेळाडूंचं खाणंपिणं बदललं, सराव बदलला आणि १९९८ व २००२मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही एकाच मोसमात जिंकून दाखवले. मग आला २००३-०४चा मोसम. ३८ मॅचेस, २६ विजय, १२ ड्रॉ, पराभव शून्य! न हरण्याचा हा सिलसिला ४९ मॅचेसपर्यंत चालला.

आणि खरेदी? निकोला आनेल्का हा पोरगा १९९७मध्ये सुमारे पाच लाख पौंडांना आणला आणि १९९९मध्ये रेआल माद्रिदला वीस मिलियनच्या वर विकला. त्या पैशात आन्री आला. २००१मध्ये तर कट्टर शत्रू टॉटनहॅमचा कॅप्टन सोल कॅम्पबेल करार संपल्यावर चक्क फुकटात आणला. मामला सॉल्लिड होता! मॅनेजरच्या समर्थकांचं नावच मुळी पडलं, ‘आर्सेन नोज बेस्ट’वाले. आर्सेनला सगळ्यात जास्त कळतं, विषय संपला.

पुलापलीकडचं कर्ज

आता मागे वळा, ड्रेटन पार्क रस्ता धरा आणि रेल्वेवरचा पादचारी पूल ओलांडा. दहा मिनिटांत समोर काचेची भलीमोठी परात ठेवावी तसं एमिरेट्स स्टेडियम दिसतं. हायबरीत ३८ हजार लोक मावायचे, इथे साठ हजार. २००६मध्ये ते उघडलं तेव्हा सगळा प्रकल्प ३९० मिलियन पौंडांचा होता. त्यासाठी बँकांकडून २६० मिलियनचं कर्ज घेतलेलं. घराचं लोन डोक्यावर असलेल्या कुणालाही पुढची गोष्ट सांगायला नको. हप्ते सुरू झाले की हॉटेलिंग बंद, नवी गाडी पुढच्या वर्षी.

नेमकं याच काळात शेजारी श्रीमंत झाले. २००३मध्ये चेल्सीला रोमान अब्रामोविच भेटला, २००८मध्ये मँचेस्टर सिटीला अबू धाबी. त्यात हायबरीचे फ्लॅट विकून पैसा उभा करायचा होता, तर २००८ची मंदी आली. मग दर उन्हाळ्यात घरातली भांडी विकावीत तसे खेळाडू जायला लागले. २००७मध्ये आन्री बार्सिलोनाला, २००९मध्ये आदेबायोर आणि तूरे सिटीला, २०११मध्ये फाब्रेगास बार्सिलोनाला आणि नासरी सिटीला. २०१२मध्ये कॅप्टन रॉबिन व्हॅन पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला! पुढच्याच वर्षी युनायटेड चॅम्पियन झाली आणि एप्रिलमध्ये एमिरेट्सवर खेळायला आली, तेव्हा प्रथेप्रमाणे आर्सेनलच्या खेळाडूंनी दोन रांगांत उभं राहून तिचं टाळ्या वाजवून स्वागत केलं. त्यात व्हॅन पर्सीही होता. घरच्या प्रेक्षकांचं काय झालं असेल, कल्पना करा.

भांडणाची दुसरी बाजू इथे, याच पुलापलीकडे सुरू होते.

पबमधलं गणित

हॉर्न्सी रोडवरचा ‘टॉलिंग्टन’ हा या मंडळींचा जुना अड्डा. मॅचच्या आधी आत पाय ठेवायला जागा नसते, ग्लास हातात घेऊन लोक फुटपाथवर उभे. अशा घोळक्यात दोन्ही पक्षांचा युक्तिवाद साधारण असा चालतो.

समर्थक म्हणतात, कर्ज फेडत फेडत माणसाने टीम सलग वीस मोसम पहिल्या चारात ठेवली, सलग १९ वर्षं चॅम्पियन्स लीगमध्ये नेली. सात एफए कप जिंकले. तेवढे दुसऱ्या कुठल्याच मॅनेजरच्या नावावर नाहीत. १२३५ मॅचेसमध्ये ७०७ विजय. आणखी काय पाहिजे?

विरोधक म्हणतात, २००५ ते २०१४ कपाट रिकामं होतं, ते कोण मोजणार? २०११ ते २०१७ सलग सात वर्षं चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळातून घरी आलो, ते? आणि कर्जाचं रडगाणं कुठवर? २०१४-१५च्या सुमारास क्लबच्या बँक खात्यात दोनशे मिलियनहून जास्त रोकड पडून होती. तेव्हा सगळ्यात महाग सीझन तिकीट दोन हजार पौंडांच्या वर गेलं होतं. म्हणजे खिसा आमचा कापायचा आणि खरेदीला गेल्यावर कोथिंबीर फुकट मागायची!

हा कोथिंबिरीचा प्रकार खरंच घडलाय. २०१३च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझसाठी आर्सेनलने बोली लावली चार कोटी एक पौंडाची. चार कोटींच्या वर बोली गेली की त्याला सोडावं लागेल असं कलम करारात असल्याचा क्लबचा समज होता, म्हणून वर एक पौंड. लिव्हरपूलने नाही म्हटलं आणि अख्खं इंग्लंड हसलं. तोवर आला होता फक्त सानोगो, तोही फुकटात. पहिल्याच मॅचला अ‍ॅस्टन व्हिलाने घरात येऊन ३-१ हरवलं, तेव्हा लोक स्टेडियममध्येच ‘पैसे काढा’ म्हणून ओरडले. दोन आठवड्यांनी, ट्रान्सफरच्या शेवटच्या दिवशी, रेआल माद्रिदकडून साडेबेचाळीस मिलियनला मेसुट ओझील आला आणि तेच लोक एमिरेट्सबाहेर नाचले. २०१५मध्ये तर कमालच झाली. अख्ख्या उन्हाळ्यात सीनियर टीमसाठी मोठी खरेदी एकच, गोलकीपर पीटर चेक! त्या मोसमात लीग जिंकली लेस्टरने आणि आर्सेनल दुसरं आलं. मोठे क्लब सगळे अडखळत असताना ही संधी गेली, हे विरोधक आजही विसरलेले नाहीत.

२०१२पासून मॅच संपल्यावर स्टेडियमबाहेर एक कॅमेरा उभा राहायला लागला. फॅन्स त्यासमोर येऊन मन मोकळं करायचे. त्यातून एएफटीव्ही नावाचं चॅनल मोठं झालं आणि हे पबमधलं भांडण जगभर पोहोचलं. मार्च २०१७मध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून मॅच चालू असताना दोन विमानं गेली. एकामागे ‘वेंगरला काढा’ अर्थाचा बॅनर, दुसऱ्यामागे त्याच्या समर्थनाचा. भाड्याने विमान घेऊन भांडणारे फॅन तुम्ही आणखी कुठे पाहिलेत?

कुठून मोजायचं?

दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत. फरक एवढाच, की एक जण मोजायला सुरुवात करतो हायबरीच्या दारातून आणि दुसरा एमिरेट्सच्या. आपल्या ऑफिसातलं अप्रेझल आठवा. पहिली पाच वर्षं जीव तोडून काम केलेल्या माणसाचं मोजमाप शेवटच्या सहा महिन्यांवर होतं. उलट कधी जुन्या पुण्याईवर एखादा खुर्ची अडवून बसतो आणि त्याला कुणी काही बोलत नाही. दोन्ही अन्यायच. वेंगर यांच्या बाबतीत २००६ ते २०१३ हा काळ कपांच्या हिशोबात नापास, पण स्टेडियमच्या हिशोबात बहुतेक त्यांचं सगळ्यात अवघड काम. आणि त्यानंतर पैसा हातात असतानाची वर्षं? तिथे विरोधकांची बाजू जड आहे. आपल्याला मोठं करणाऱ्या माणसाला ‘आता पुरे’ कसं सांगायचं, हा प्रश्न त्या साठ हजारांना कित्येक वर्षं छळत होता. त्या ओरडण्यात राग होता तसं प्रेमही होतं, हे ६ मे २०१८ला दिसलं. बर्नलीविरुद्ध घरच्या मैदानावरची त्यांची शेवटची मॅच. आभाराचे दोन फ्रेंच शब्द छापलेले टी-शर्ट घालून सगळं स्टेडियम उभं राहिलं. विरोधकसुद्धा.

ट्रान्सफरच्या भांडणाचं तर याहून गमतीदार. २८ ऑगस्ट २०११ला युनायटेडने आर्सेनलचा ८-२ असा धुव्वा उडवला. घाबरून पुढच्या तीन दिवसांत पाच खेळाडू गोळा केले. घाऊक खरेदी, सेलमधला माल म्हणून भरपूर टिंगल झाली. त्या पाचातला एक होता एव्हर्टनहून आलेला मिकेल आर्तेता. डिसेंबर २०१९मध्ये तोच क्लबचा मॅनेजर झाला. २०२०चा एफए कप, दोनदा आठवा नंबर, मग २०२३, २०२४ आणि २०२५ सलग तीनदा दुसरा नंबर. २०२३मध्ये डेक्लन राइससाठी शंभर मिलियनच्या वर, २०२५च्या उन्हाळ्यात एकूण अडीचशे मिलियनच्या आसपास खर्च. पबमधले आवाज तेच राहिले, फक्त तक्रार उलटी झाली. आधी ‘पैसे का काढत नाही’, नंतर ‘एवढे ओतून काय मिळालं’!

जुलै २०२३मध्ये एमिरेट्सबाहेर वेंगर यांचा साडेतीन मीटर उंच पुतळा उभा राहिला. दोन्ही हातांनी प्रीमियर लीगची ट्रॉफी उंचावलेली. ती ट्रॉफी २००४नंतर त्यांच्या हाती पुन्हा आलीच नाही. पुतळ्याने आपलं वर्ष निवडून टाकलंय. खाली उभं राहून फोटो काढणारे मात्र अजून वाद घालतायत.

जायचंय?

मॅच नसलेल्या दिवशी आधी हायबरी, मग पूल, मग एमिरेट्स याच क्रमाने चाला. स्टेडियमची टूर आणि म्युझियम दोन्ही घ्या. पुरुषांच्या लीग मॅचचं तिकीट क्लबच्या मेंबरशिपशिवाय मिळणं कठीण. बाहेर ब्लॅकवाल्याच्या नादी लागू नका, फुटबॉलची तिकिटं अशी विकणं इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. महिला टीमच्या मॅचेसही याच मैदानात होतात, तिकीट सहज आणि स्वस्त मिळतं, शिवाय २०२५ची चॅम्पियन्स लीग याच पोरींनी जिंकली. आणि तिकीट नसेल, तर शनिवारी दुपारी तीनची मॅच पबमध्ये बघू म्हणाल तर फसाल. त्या वेळच्या मॅचेस इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवतच नाहीत. त्या बघायला डोंबिवलीतला सोफाच बरा. भांडण ऐकायला मात्र इथेच यावं लागेल.